व्हिंटेज रेसर की आजोबांची ॲटलस? आधी टायरवरचा आकडा बघा

पोस्ट मोठी आहे, चहा घेऊन बसा. विषय जुन्या सायकलचा आहे, पण शेवटी ग्रामपंचायतीपर्यंत जाणार आहे.

पावसाळा सरला की शनिवार-रविवारी सकाळी कशेळे नाक्यावर मुंबई-ठाणे-कल्याणचे सायकलवाले दिसायला लागतात. कोणी कर्जतकडून येऊन मुरबाडला निघालेला असतो, कोणी खांडसला जाऊन परत फिरणार असतो. वडापाव खातात, बाटल्या भरतात, निघतात. त्यातल्या काहींच्या सायकलची किंमत आपल्या दारातल्या मोटारसायकलपेक्षा जास्त असते. आपली पोरं हे बघतात आणि त्यांना वाटतं, आपल्याकडे पण अशी पाहिजे. वाटायलाच पाहिजे. मग मोबाईलवर शोधाशोध सुरू होते आणि मला मेसेज येतो : "दादा, व्हिंटेज रेसर आहे, ड्रॉप हँडल, दहा गिअर, नऊ हजार म्हणतोय. घेऊ का?"

असे मेसेज हल्ली वरचेवर येतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. माझं उत्तर सरळ आहे. आपल्या जवळच्या पंक्चरवाल्याच्या दुकानात ज्या मापाचा टायर खिळ्याला टांगलेला आहे, त्या मापाची जुनी सायकल घ्या. रंग, ब्रँड, गिअर हे सगळं नंतर. नऊ हजारांची सायकल साठ रुपयांच्या सामानावाचून सहा महिने पडवीत उभी राहिलेली मी पाहिलीय. आणि जी कर्जतच्या दुकानातही दुरुस्त होत नाही, ती तुमच्यासाठी सायकल नाही, शोपीस आहे.

शोपीसवरून आठवलं. "व्हिंटेज" हा शब्दच मुळात सायकल महाग करायला आणलेला आहे. कर्जत-खालापूरच्या फार्महाऊस आणि रिसॉर्टच्या गेटवर बघा, भिंतीला एक जुनी काळी सायकल टांगलेली असते, कॅरियरवर फुलांची कुंडी. ती सायकल पाच-सात वर्षांपूर्वी भंगारवाल्याकडे किलोच्या भावात मिळायची आणि कोणीतरी ती चालवायचा. आता भंगारवाल्यालाही कळलंय की वरून पिवळा रंग मारला की सजावटवाला दुप्पट-तिप्पट देतो. त्यामुळे चालवण्यासाठी जुनी सायकल शोधणाऱ्याची स्पर्धा आता दुसऱ्या सायकलस्वाराशी नाही, रिसॉर्टच्या भिंतीशी आहे. हे हसण्यावारी नेऊ नका. ज्याला पहाटे ड्युटीवर जायचंय त्या वॉचमनला, डेअरीला दूध घालणाऱ्याला आणि वाडीवरून शाळेत येणाऱ्या पोरीला हाच माल लागतो.

आता मापाचं बोलू, कारण फसवणूक इथेच होते. आणि बहुतेक वेळा विकणारा मुद्दाम फसवत नाही, त्यालाच माहीत नसतं.

टायरच्या कडेवर नीट बघितलं तर मोठ्या आकड्यांच्या जवळ एक बारीक जोडआकडा असतो, उदाहरणार्थ ४०-६३५. पहिला आकडा टायरची रुंदी, दुसरा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. हा दुसरा आकडाच खरा. बाकी "सव्वीस", "सत्तावीस", "अठ्ठावीस" ही सगळी बोलायची नावं आहेत.

आपली नेहमीची काळी सायकल, ज्यावरून आपल्या आजोबांनी भाताची पोती आणली, तिचं माप २८ × १½. आकडा ६३५. हा टायर कशेळ्यात मिळेल, कडावला मिळेल, नेरळला मिळेल. जुन्या दहा गिअरच्या रेसरला बहुतेक २७ × १¼ असतं, आकडा ६३०. आजच्या रोड सायकलला सातशे सी, आकडा ६२२. सत्तावीस आणि सातशे सी यात फरक फक्त ८ मिलिमीटरचा, डोळ्याला कळत नाही. पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही, किंवा चढला तर हवा भरताना फटकन बाहेर येतो. सव्वीसमध्ये तर आणखी गोंधळ आहे. जुन्या लेडीज सायकलचं २६ × १⅜ म्हणजे ५९०, आणि जाड टायरच्या एमटीबीचं सव्वीस म्हणजे ५५९. दोघांना दुकानात "सव्वीस"च म्हणतात आणि दोघांत ३१ मिलिमीटरचा फरक आहे. म्हणून सायकल बघायला जाल तेव्हा पहिला फोटो टायरच्या कडेचा काढा. तो फोटो घेऊन पंक्चरवाल्याकडे जा. त्याने मान हलवली तर पुढचं बोला.

याचा अर्थ रेसर घ्यायचीच नाही असा नाही. सत्तावीसचा टायर मागवता येतो. पण मग दोन टायर आणि चार ट्यूब घरात आणून ठेवायची तयारी पाहिजे, आणि तो खर्च सायकलच्या किमतीत धरला पाहिजे. नऊ हजारांची रेसर म्हणजे प्रत्यक्षात साडेअकरा-बारा हजारांची रेसर. हा हिशेब कोणी सांगत नाही.

काळ्या सायकलचे सुटे भाग सगळीकडे का मिळतात? त्यामागे इतिहास आहे आणि तो आपल्या कामाचा आहे. या सायकलचा सांगाडा मूळचा इंग्रजी, रॅले-बीएसएच्या जमान्यातला. स्वातंत्र्याच्या आगेमागे इथेच कारखाने निघाले. मुंबईत वरळीला हिंद सायकल्स होती. बंगालमध्ये आसनसोलला सेन-रॅले. मद्रासला १९४९ साली टीआय सायकल्स, ज्यांच्या हर्क्युलिस, बीएसए आणि फिलिप्स. सोनिपतला १९५१ साली ॲटलस. लुधियानात १९५६ साली हिरो, जी १९८६ मध्ये जगातली सर्वात मोठी सायकल कंपनी म्हणून गिनीज बुकात गेली. नावं वेगळी, पण साध्या सायकलचं माप जवळपास एकच. पेडल, कॉटर, छर्रे, फ्रीव्हील, चेन, ब्रेकच्या गुट्ट्या, सगळं लुधियानाच्या लहान-लहान कारखान्यांतून यायचं आणि अजून येतं. हिंद सायकल्स आणि सेन-रॅले १९८० साली खास कायदा करून सरकारने ताब्यात घेतल्या, तरी त्या टिकल्या नाहीत. ॲटलसच्या साहिबाबादच्या कारखान्याचं काम ३ जून २०२० ला थांबलं. तो दिवस जागतिक सायकल दिन होता, हा योगायोग त्या कामगारांना किती बोचला असेल!

पण बघा, कारखाना बंद पडला तरी तुमच्या आजोबांची ॲटलस बंद पडली नाही. तिचा हरेक भाग आजही बाजारात आहे, कारण तो ॲटलसचा भागच नव्हता, तो सगळ्यांचा होता. म्हणून जुनी साधी सायकल घेताना "ॲटलस चांगली का हर्क्युलिस" या वादात पडू नका. दहा वर्षं पावसात भिजलेल्या हर्क्युलिसपेक्षा घरात राहिलेली अनोळखी नावाची सायकल शंभरपट बरी.

याच्या उलट गोष्ट नव्या दिसणाऱ्या स्वस्त गिअरवाल्यांची. मागच्या गिअरचा डेरेलर ज्या छोट्या पट्टीवर लटकतो, ती ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर बहुधा स्क्रूने बसवलेली असते आणि दर मॉडेलची वेगळी. सायकल त्या बाजूला पडली की पट्टी वाकते किंवा तुटते. कंपनीने मॉडेल बंद केलं असेल तर तेवढ्या पट्टीसाठी तुम्ही अडकलात. जुन्या लोखंडी रेसरला ही पट्टी फ्रेमचाच भाग असते. वाकली तर अंदाज असणारा माणूस पान्याने सरळ करतो. लोखंडी फ्रेमला मागे कुठे चीर गेली तर पितळेची झाळ मारणारा कारागीर आपल्याकडे अजून सापडतो. ॲल्युमिनियमला सापडत नाही. (पुढच्या चिमट्याला मात्र कधीच झाळ मारून घेऊ नका. चिमटा गेला की नवा टाका. उतारावर चिमटा तुटला तर दात शोधत बसावं लागेल.)

आणि ती सहा-सात हजारांची नवीकोरी एमटीबी, पुढे स्प्रिंग, मागे स्प्रिंग, डिस्क ब्रेकचा देखावा? माझं मत स्पष्ट आहे, त्या पैशात ती घेऊ नका. तेवढ्या किमतीत स्प्रिंग म्हणजे फक्त जास्तीचं वजन. पेडल मारलं की अर्धी ताकद सायकल वरखाली करण्यात जाते. दोन पावसाळ्यांत मागच्या स्प्रिंगचा बुश खुळखुळा होतो. आई-बापाने कर्ज काढून घेतलेली अशी सायकल दिसली की वाईट वाटतं, कारण दुकानदाराने पोराच्या डोळ्यातली चमक विकलेली असते. शिवाय सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्के झालाय. नवीनच घ्यायची असेल तर साधी, बिनगिअरची नवी सायकल बघा. जुन्या साध्या सायकलला नवीच्या निम्म्याहून जास्त पैसे मोजू नका, ती कितीही "व्हिंटेज" असो.

आता रेसर पाहिजेच असेल त्यांच्यासाठी, कारण सगळ्यांनी काळी सायकलच चालवावी असं म्हणणारा मी म्हातारा नाही. खांडसचा रस्ता सकाळी रिकामा असतो तेव्हा हलक्या सायकलवर जी मजा येते ती मलाही माहीत आहे.

जुन्या लोखंडी रेसरमध्ये दोन जाती भेटतात. एक देशी, कंपन्यांनी हौशी पोरांसाठी काढलेल्या ड्रॉप हँडलवाल्या. दुसरी परदेशी, कोणाच्या तरी काकांनी आणलेली रॅले किंवा प्युजो. परदेशी दिसायला देखणी असते, पण आट्यांचं माप आधी विचारा. पेडलचा दांडा ज्यात फिरतो त्या बीबीला इंग्रजी मापात इंचाला २४ आटे असतात. नॉटिंगहॅमच्या कारखान्यातल्या जुन्या रॅलेला २६. जुन्या प्युजोला फ्रेंच माप, मिलिमीटरमध्ये. तिच्या हँडलचा दांडासुद्धा २२ मिलिमीटरचा, आपल्याकडचा २२.२. दोन दशांश मिलिमीटर म्हणजे काय, असं वाटेल. पण मेकॅनिक हातोडीने ठोकून बसवतो आणि नळी फाटते. ज्याच्या हातात जमवाजमव करायला वेळ आणि मुंबईची ओळख आहे त्याने प्युजो घ्यावी. कॉलेजला जाणाऱ्या पोराने देशी रेसरच घ्यावी, ती जरा जड असली तरी.

बघताना काय बघायचं? रंगावर जाऊ नका, ताजा रंग असेल तर उलट संशय घ्या. हँडलखालच्या उभ्या नळीला जिथे आडव्या-तिरप्या नळ्या मिळतात, तिथे खालच्या बाजूने बोट फिरवा. सुरकुती किंवा फुगवटा लागला तर सायकल समोरून कशावर तरी आदळलेली आहे. उठा आणि निघा, पाचशे रुपये कमी करतो म्हणाला तरी. मग एक साधी दोरी घ्या. मागच्या चाकाच्या एका बाजूच्या नटाजवळून ती ताणून हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या नटाजवळ आणा. सीटखालच्या नळीपासून दोरीचं अंतर दोन्हीकडे सारखं पाहिजे. एकीकडे बोटभर आणि दुसरीकडे दोन बोटं असेल तर फ्रेम वाकडी आहे, आणि वाकडी फ्रेम आयुष्यभर एका बाजूला ओढते.

सीटची नळी आणि हँडलचा दांडा हलतो का ते बघा. वर्षानुवर्षं न हलवलेले दांडे आत गंजून एकजीव होतात, मग सायकल तुमच्या उंचीची करताच येत नाही. पेडल हाताने पुढेमागे हलवा. टक-टक वाजलं तर कॉटर ढिली, किरकोळ खर्च. चेनची बारा इंची लांबी पट्टीने मोजा. एका पिनच्या मध्यापासून बरोबर बारा इंचावर पिनचा मध्य यायला पाहिजे. एक सूत पुढे गेला असेल तर चेन संपली, आणि चेनबरोबर फ्रीव्हीलही गेलेलं असतं. हे दोष घेण्यासारखे आहेत, फक्त भाव तेवढा पाडा. चाकाचं आउट निघतं, पण रिमला जिथे तारा बसतात तिथे गंजाचे फोड असतील तर रिमच बदलावी लागेल.

आणि उंची! "पोरगा वाढेल" म्हणून २४ इंची फ्रेम घेणारे बाप आपल्याकडे अजून आहेत. पाय पोचत नाहीत म्हणून पोरगं दांडीवरून कसरत करत पेडल मारतं आणि ट्रक आला की उतरताना पडतं. दोन्ही पाय जमिनीवर टेकून उभं राहिल्यावर दांडी आणि शरीर यात दोन-तीन बोटं जागा राहिली पाहिजे. बस्स, एवढं एकच माप.

पण माझा सगळ्यात मोठा मुद्दा ब्रेकचा आहे आणि इथे मी कोणाशीही भांडायला तयार आहे.

आपल्या तालुक्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुन्या रेसरच्या चकचकीत रिम लोखंडी, वर क्रोमचा मुलामा. कोरड्यात त्या चालतात. ओल्यात रबराची गुट्टी त्यावर साबणासारखी घसरते. ब्रेक दाबला तरी सायकल आधी दोन-चार आवर्तनं पाणी पुसत जाते आणि मग कुठे धरते. जुन्या दहा गिअरवाल्यांना ड्रॉप हँडलच्या वरच्या आडव्या भागाला एक जादा ब्रेकची पट्टी असते, पोरं तिलाच हात घालतात. ती पट्टी अर्धवट ओढते आणि हँडलला टेकून थांबते. पावसात, उतारावर, समोरून डंपर. विचार करा. म्हणून रेसर घेतली की पहिल्या महिन्यात दोन्ही चाकांच्या रिम ॲल्युमिनियमच्या करून घ्या आणि नव्या गुट्ट्या, नव्या केबल टाका. ते जमत नसेल तर जून ते सप्टेंबर ती रेसर घरात ठेवा. काळ्या सायकलचा सळईचा ब्रेकही ओल्यात कमकुवतच आहे, पण तिचा वेग मुळातच कमी आणि बसणारा सरळ बसतो, रस्ता दिसतो.

कर्जत-मुरबाड रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४८ए आहे. रस्ता चांगला झाला तशी गाड्यांची घाईही वाढली, शनिवारी-रविवारी तर विचारू नका. जुन्या सायकलचा मागचा लाल काच हमखास फुटलेला असतो. चमकणारी लाल पट्टी चाळीस-पन्नास रुपयांत मिळते, मागच्या मडगार्डला आणि दोन्ही पेडलला लावा. फार्महाऊसवर रात्रपाळीला जाणाऱ्या भावांनो, हे खास तुमच्यासाठी.

पावतीचंही सांगतो. मोबाईलवर बघून अनोळखी माणसाकडून सायकल घेताना फ्रेमचा नंबर लिहून घ्या. तो बहुतेक बीबीच्या खाली किंवा सीटच्या नळीवर ठोकलेला असतो. साध्या कागदावर विकणाऱ्याचं नाव, सही, तारीख, फ्रेम नंबर, रक्कम. घासून नंबर काढलेला असेल तर घेऊ नका. चोरीचा माल आहे हे माहीत असताना किंवा तसं वाटायला कारण असताना घेणं हा गुन्हा आहे, पूर्वी कलम ४११, आता भारतीय न्याय संहितेचं ३१७. मुंबईत चोरीला गेलेल्या महागड्या सायकली दोन हजारांत लोकलने कर्जतला येतात आणि पोरगं खुश होऊन घरी नेतं, असं होऊ देऊ नका.

आता ग्रामपंचायतीकडे येतो.

हा सगळा हिशेब एका रेसरप्रेमी पोरापुरता असता तर एवढं लिहिलं नसतं. खांडस, नांदगाव, अंबिवली, जामरुंग, पाथरज या बाजूच्या वाड्या-पाड्यांवरून दहावीनंतर शिकायचं म्हणजे रोज काही किलोमीटर रस्ता. एसटी आहे, पण कॉलेजच्या वेळेशी तिचं जमेलच असं नाही. मिनीडोर भरल्याशिवाय सुटत नाही आणि दोन वेळचं भाडं रोज देणं मजुरीवर जगणाऱ्या घराला परवडत नाही. मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर तिघा-तिघांनी लटकून जातो. मुलीला घरचे म्हणतात, राहू दे.

सायकलने इथे किती फरक पडतो याचा पुरावा आहे, आणि तो बिहारमधला आहे. २००६ साली तिथल्या सरकारने नववीत गेलेल्या मुलींना सायकलसाठी २,००० रुपये द्यायला सुरुवात केली. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी शेजारच्या झारखंडशी तुलना करून त्याचा अभ्यास केला. माध्यमिक शाळेत त्या वयाच्या मुलींची नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढली, मुला-मुलींमधला फरक ४० टक्क्यांनी घटला. आणि परिणाम सगळ्यात जास्त दिसला तो शाळा तीन किलोमीटर किंवा त्याहून लांब असलेल्या गावांत. म्हणजे आपल्या वाड्यांसारख्या ठिकाणी. लक्षात घ्या, तिथे पैसे दिले, सायकल घरच्यांनी आपल्या बाजारातून घेतली.

आपल्याकडे काय होतं? कधी सरकारी योजनेतून, कधी कंपनीच्या सीएसआरमधून सायकली येतात. स्टेजवर रांगेत उभ्या करतात, पाहुणे चावी द्यावी तशी सायकल देतात, फोटो होतो. देणाऱ्याची नियत चांगली असते, मी कोणाला नावं ठेवत नाही. पण कोणी विचारतो का, या सायकलच्या टायरचं माप कशेळ्यात मिळतं का? पंक्चर काढायला मुलीला किती लांब सायकल ढकलावी लागेल? सव्वीसमध्ये दोन मापं असतात हे खरेदी करणाऱ्या साहेबाला माहीत असतं का? पहिला टायर फाटला की ती सायकल घराच्या मागे कोंबड्यांची बसायची जागा होते. पुढच्या वर्षी परत नव्या सायकली, परत फोटो. दुरुस्तीला कोणी फोटो काढत नाही म्हणून दुरुस्तीला पैसे नाहीत, एवढाच तो मामला आहे.

दुसरीकडे मुंबई-ठाण्याच्या सोसायट्यांच्या पार्किंगमध्ये शेकड्यांनी जुन्या सायकली धूळ खात पडलेल्या असतात. फार्महाऊसवाले आपले शेजारीच आहेत, त्यांना एक शब्द टाकला तर टेम्पो भरून येतील. मात्र अट घालून घ्यायच्या. लोखंडी फ्रेम, आपल्याकडे टायर मिळतो ते माप, स्प्रिंग नको, मुलांची खेळणी नको. भंगार दान म्हणून आपल्या गळ्यात मारायचं आणि त्यांचं पार्किंग साफ, असं नको. दहा चांगल्या आल्या तरी पुष्कळ.

आणि हायस्कूलजवळ एक मोठा पंप, चार पाने, पंक्चरचं सामान, छपराखाली सायकल लावायची जागा. नाक्यावरच्या दुरुस्तीवाल्याशी वर्षाचा ठराव करायचा की मे अखेरीस सगळ्या शाळकरी सायकलींचं ओव्हरऑईल, ब्रेक गुट्ट्या नव्या, पैसे पंचायत देईल. त्या माणसालाही काम मिळेल, नाहीतर मोटारसायकलच्या पंक्चरमध्ये जास्त पैसे आहेत म्हणून तोही सायकलचं काम हळूहळू सोडतोय. उद्या तो थांबला तर मी वर लिहिलेलं मापाचं सगळं गणित फुकट.

"पंचायतीचा सायकलशी काय संबंध?" असं कोणी विचारेलच. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाचं कलम १२४ वाचा. करांच्या यादीत सायकलवरचा कर आहे. जुन्या लोकांना सायकलला लावायचा पितळी बिल्लाही आठवत असेल, नगरपालिका वर्षाला पैसे घेऊन द्यायची. कर घ्यायला जर सायकल पंचायतीच्या हद्दीत येते, तर पंप द्यायलाही येते.

रस्त्यांची, पेव्हर ब्लॉकची, कमानींची कामं निघतात त्याला माझा विरोध नाही. फक्त एका कमानीच्या खर्चात किती सायकली किती वर्षं चालू राहतील, हा हिशेब ग्रामसभेत मोठ्याने एकदा व्हावा एवढंच म्हणणं आहे. सायकलवाल्या पोरी ग्रामसभेला येत नाहीत, त्यांचे वडील मजुरीला गेलेले असतात. मग त्यांच्या वतीने कोण बोलणार?

मी २६ जानेवारीच्या ग्रामसभेसाठी लेखी विषय देतोय : शाळेजवळ पंप आणि दुरुस्तीचा वार्षिक ठराव. सोबत सह्या लागतील आणि आकडे लागतील. तुमच्या घरात, शेजारी, वाडीवर एखादी सायकल सामानावाचून उभी असेल तर तीन गोष्टी कळवा. टायरच्या कडेवरचा जोडआकडा, काय तुटलंय, आणि ती कोण चालवायचं. नाव नको, फक्त मुलगी का मुलगा आणि कितवीत. यादी करून अर्जाला जोडतो.

रेसर घेणाऱ्यांनो, तुमचेही फोटो पाठवत राहा. पण आधी टायरचा.